चौदा पानं, चौदा बँड

केळीचा चीक एप्रनला लागला की जात नाही. माझ्या उजव्या बाहीवरचा काळा डाग त्या शुक्रवारचा आहे.

वसईहून एक काका राजेळी केळीची चौदा पानं घेऊन आमच्या अंधेरीच्या लॅबमध्ये आले होते. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली नंबराची चिठ्ठी. चार पानांवर पिवळ्या रेघा, मध्येमध्ये करपून काळ्या पडलेल्या. बाकीची दहा हिरवीगार. "शेजारच्या झाडांची आहेत, तीपण बघ," म्हणाले.

रेघा पाहून संशय आला बनाना स्ट्रीक व्हायरसचा. हा डीएनए विषाणू, पिठ्या ढेकूण तो पसरवतो. त्याचे ओबिनो लेवाय, गोल्डफिंगर, मैसूर असे बरेच प्रकार. नुसत्या पानावरून ते ओळखता येत नाहीत, म्हणून पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणारी चाचणी. तिला प्रत्येक प्रकारचे प्रायमर, म्हणजे जुळता डीएनए शोधणारे छोटे तुकडे, वेगळे. त्या प्रती जेलमधून सरकवल्या की जुळलेला डीएनए पट्ट्यासारखा दिसतो, तो बँड. संध्याकाळी जेल यूव्हीखाली धरला. ओबिनो लेवायच्या रांगेत चौदाच्या चौदा बँड, हिरव्या पानांचेसुद्धा. पाण्याचा खण कोरा, निरोगी पानाचाही कोरा. म्हणजे कंटॅमिनेशन नाही. मी लगेच काकांना फोन करून मोकळी झाले. रिपोर्टवर सही व्हायच्या आत फोन करायचा नसतो, हे मी नव्या मुलांना दर महिन्याला सांगते.

शनिवारी मॅडमनी जेलचा फोटो पाहिला.

"जात कुठली?"

"राजेळी."

"आणि तुझं निरोगी पान?"

"जी-नाईनचं."

उत्तर तोंडातून बाहेर पडतानाच माझी चूक मला कळली. जी-नाईन ही केळीची वेगळी जात, एएए गटातली, गुणसूत्रांचे तिन्ही संच मुसा अक्युमिनाटा या रानकेळीचे. राजेळी एएबी. तिच्यातला बी आला मुसा बाल्बिसियाना या दुसऱ्या रानकेळीकडून, आणि बाल्बिसियानाच्या गुणसूत्रांत या विषाणूचे तुकडे फार पूर्वीच शिरून बसलेत. कोंबांबरोबर ते पुढच्या पिढीत उतरतात. झाड ताणात असलं किंवा टिश्यू कल्चरमधून गेलं तर त्यांतून कधीकधी खरा विषाणू उठतोही, पण बहुतेक वेळा ते गपगुमान पडून असतात. साध्या पीसीआरला मात्र आजार आणि वारसा यांतला फरक कळत नाही. जुळणारा डीएनए दिसला की बँड.

मग अख्खा कण पकडायचा ठरवला. ट्यूबच्या आतून अँटिबॉडीचा थर द्यायचा, पानाचा रस ओतून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा. विषाणूचे कण भिंतीला चिकटतात, बाकीचं धुऊन टाकायचं. उरलासुरला पानाचा डीएनए डीएनेझ हे एन्झाइम खातं, कवचाआडचा विषाणूचा डीएनए सुरक्षित राहतो. त्यानंतर पीसीआर. सोबत केळीच्या स्वतःच्या एका जनुकाचे प्रायमर लावले. तिथे बँड आला तर धुणं कच्चं राहिलं म्हणायचं. निरोगी पान या वेळी राजेळीचंच घेतलं, वसईला राहणाऱ्या एका सहकाऱ्याच्या परसातलं.

रविवारी पश्चिम रेल्वेवर जम्बो ब्लॉक होता. बोरिवलीहून अंधेरी गाठायला दीड तास गेला. जेलवर या खेपेला तीनच बँड: दोन, पाच, नऊ. तिन्ही रेघांची पानं. केळीच्या जनुकाची रांग स्वच्छ. अकरा नंबरच्या पानावरही रेघा होत्या, पण तो खण कोरा. त्याचा आरएनए काढून सीएमव्हीची, म्हणजे कुकुंबर मोझॅइक व्हायरसची, आरटी-पीसीआर (आरएनएसाठीची पीसीआर) लावली आणि ती पॉझिटिव्ह आली. काकडीच्या नावाचा हा विषाणू केळीवर बऱ्याचदा तशाच रेघा पाडतो.

रात्री काकांना फोन लावला. चूक कबूल केली. चारच झाडं काढा, बाकीच्यांत जे आहे ते त्यांच्या रक्तातलंच आहे, म्हटलं.

"म्हणजे आमच्या बाबांनी लावली तेव्हापासून?"

"त्याच्याही आधीपासून."

ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, रविवारी माणसं मिळत नाहीत म्हणून काल शनिवारीच एक ओळ तोडली. सहा झाडं गेली. मी यादी काढली. त्यांनी नंबर वाचले: दोन, तीन, सहा, सात, आठ, दहा. त्यांतलं रोगी फक्त दोन नंबरचं.

"बरं," काका म्हणाले, "राहिलेले तीन नंबर परत सांग. हळू सांग, लिहून घेतो."