फाळके अडकले पावडर कोटिंगला

गाडी जुनी टाटा ४०७ ट्रक. चॅसिस ठणठणीत, हौदा मात्र खालून पार खाल्लेला. नवा बांधायला घेतला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग सगळं हाकेच्या अंतरावर, त्यामुळं तिथं काही अडलं नाही. मापं आरसीप्रमाणंच ठेवली. तुम्हाला बदलायची असतील तर आधी आरटीओची परवानगी काढा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२.

अडलं ते पावडर कोटिंगला, म्हणजे रंगाची भुकटी फवारून ती भट्टीत पक्की करायच्या कामाला, तेही ऐन जुलैत. फाळके, म्हणजे हौद्याच्या उघडणाऱ्या बाजू, ब्लास्टिंग करूनच (बारीक कणांचा जोरात मारा करून साफ करूनच) दिले होते. ब्लास्टिंग झालेलं लोखंड म्हणजे उघडी जखम; बेळगावच्या पावसाळी हवेत काही तासांतच तांबूस व्हायला लागतं. हे कोटिंगवाल्याला मी सांगायला हवं होय? तरी सुपरवायझरचं रोज एकच, कधी ‘उद्या या की ओ’, कधी तेच कन्नडात, ‘नाळे बर्री’. शेवटी भुकटी फवारायची गन मारणाऱ्या पोरानं खरं कारण सांगितलं. माझा गडद हिरवा रंग दुसऱ्या कुणाचाच नव्हता. रंग बदलायचा तर फवारणीचा बूथ, गन, भुकटीचा डबा (हॉपर) सगळं साफ करावं लागतं, म्हणून हिरव्याची आणखी कामं जमायची वाट बघत बसले होते. इलेक्ट्रिक पॅनेलवाल्यांचा ७०३५ नंबरचा ग्रे मात्र रोज चालतो. ऑर्डर घेताना एवढं बोलले असते तर मी ग्रेच घेतला असता!

वर सुपरवायझर म्हणतो, ‘गंज फॉस्फेटच्या टाकीत जातोय.’ जात नाही. गंज काढायची ॲसिडची टाकी वेगळी, फॉस्फेट त्यानंतर, रंग नीट धरावा म्हणून. मी तिथंच उभा राहिलो आणि फाळके परत ॲसिडमधून काढून, पाण्यानं धुऊन घेतले. तेव्हा कुठं जिवात जीव आला.

हां, बॉक्स पाइप (चौकोनी पोकळ पाइप) वापरणार असाल तर वेल्डिंगच्या वेळीच खालच्या बाजूला भोक ठेवा. नाहीतर टाकीतलं ॲसिड आत साठतं आणि भट्टीत सांध्यातून ओघळतं. नेहमीची पुट्टीही चालत नाही, भट्टी १८० ते २०० अंशांची असते. वेल्ड फ्लॅप डिस्कनंच सपाट करा. बिजागरीची भोकं आणि आटे झाकायला सांगा, नाहीतर पिना बसत नाहीत.

आणि त्याच रंगछटेचा पाव लिटर पीयू (पॉलियुरेथेन) पेंट आधीच करून ठेवा. फाळक्याला ओरखडा पडणारच, आणि तेवढ्यासाठी कोण परत भट्टी लावतोय?