पिकअपचं नाक साडेतीन सेंटीमीटर वर

आमची पिकअप २०१३ ची. डबल केबिन, मागे छोटा हौदा. वॉटरप्रूफिंगचं काम, त्यामुळे हौद्यात कायम सिमेंटच्या गोण्या, केमिकलचे ड्रम, विटांचे तुकडे. गेलं वर्षभर गाडी पुढून बसत चालली होती. ठाण्यात मानपाड्याच्या एका सोसायटीत बेसमेंटला उतरताना बंपर रॅम्पला घासला. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत उजवीकडून ‘खट्ट’ असा कोरडा आवाज यायला लागला. तो आवाज आला की माझ्याच अंगावर काटा यायचा. या गाडीवर माझं घर चाललंय.

मी ठरवलं, नाक वर घ्यायचं आणि गाडी पुढेमागे एका लेव्हलला आणायची.

वागळे इस्टेटमधले आमचे मिस्त्रीमामा गाडीखाली झोपले, टॉर्च मारला आणि मलाही खाली बोलावलं. पुढच्या आर्मसमोर, म्हणजे चाक धरून वरखाली हलणाऱ्या लोखंडी हातासमोर, चेसीला एक रबरी स्टॉपर असतो. डावीकडे रबर आणि लोखंड यांच्यामध्ये माझी दोन बोटं जात होती. उजवीकडे फक्त करंगळी. खड्ड्यात चाकाला वर यायला जागाच उरली नव्हती, म्हणून तो आवाज. “उजवी बाजू आधी बसते,” मामा म्हणाले, “तू एकटाच फिरतोस ना दिवसभर.”

या गाडीला पुढे गोल स्प्रिंग नाही, टॉर्शन बार आहे. चेसीच्या कडेने जाणारी एक लांब पोलादी सळई. तिचं पुढचं टोक आर्ममध्ये, मागचं टोक चेसीच्या आडव्या पट्टीजवळ अडकवलेलं. चाक वर आलं की सळई पिळली जाते आणि तो पीळच पुढचं वजन तोलून धरतो. मागच्या टोकाला एक मोठा बोल्ट असतो, तो आवळला की नाक वर येतं. नवा पार्ट काहीच लागत नाही. बोल्ट आवळल्यावर गाडी कडक होते असं बरेच जण सांगतात, ते चूक आहे. सळई तीच, तिची जाडी आणि लांबी तीच, मग कडकपणा वाढणार कुठून? बदलते ती चाकाची जागा. वर यायला जेवढी जास्त मिळाली तेवढीच खाली जायला कमी होते. म्हणूनच फार वर घेतलेली गाडी स्पीडब्रेकरवरून उतरताना आदळते.

मापाला मी आमची लेव्हल पाइप काढली, गच्चीचा उतार बघायला वापरतो तीच, पाणी भरलेली पारदर्शक नळी. मडगार्डच्या उंचीवरून लेव्हल बघू नये, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांवरच्या कमानी मुळात एका उंचीच्या असतीलच असं नाही. चेसीवर पुढे आणि मागे खडूने खूण केली. चारही टायरमध्ये हवा सारखी, जमीन सपाट. डावीकडे पुढची खूण मागच्यापेक्षा ५ सेंटीमीटर खाली निघाली, उजवीकडे साडेसहा.

मी म्हटलं, चला, तेवढं वर घेऊन टाकू.

“रिकाम्या गाडीची लेव्हल कशाला बघतोस? तुझी गाडी रिकामी असते कधी?” मामांनी विचारलं.

हौद्यात ५० किलोच्या १२ गोण्या टाकल्या आणि परत नळी लावली. मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, ६ सेंटीमीटर दबले, आणि गाडी जवळपास सपाट. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पिकअपचं शेपूट उंच ठेवलेलं असतं ते मालासाठी! रिकाम्या गाडीला मी सपाट केलं असतं, तर माल भरल्यावर नाक ६ सेंटीमीटर वर गेलं असतं. दोन चाकांतलं अंतर साधारण तीन मीटर, म्हणजे ५० मीटरवर हेडलाइटचा झोत मीटरभर वर. गायमुखच्या चढावर समोरून येणाऱ्या बाइकवाल्याच्या थेट डोळ्यांत. ते मला नको होतं.

पण बंपर आणि ‘खट्ट’साठी नाक थोडं तरी उचलायलाच हवं होतं. मग ठरलं की रिकाम्या गाडीत मागच्यापेक्षा पुढे ३ सेंटीमीटर खालीच ठेवायचं. डावी २ वर, उजवी साडेतीन.

बोल्ट गंजलेले होते. दोन दिवस तेल सोडून ठेवलं, आटे तारेच्या ब्रशने घासले. जॅक लावून चाकं लटकती ठेवली, कारण वजन असताना आवळलं तर आटे जातात. चेसीखाली घोड्या, म्हणजे लोखंडी टेकू, लावल्याशिवाय मामा कुणाला आत जाऊ देत नाहीत. बोल्टच्या डोक्यावर पांढऱ्या पेंटचा ठिपका दिला आणि फेरे मोजले. उजवीकडे सहा, डावीकडे साडेतीन. प्रत्येक वेळी गाडी खाली उतरवून गल्लीत एक चक्कर मारायची, मगच मोजायचं. लगेच मोजलं तर टायर आणि सांध्यांतले रबरी बुश अजून बसलेले नसतात, आकडा फसवतो. उजवी वर घेतली की डावीही थोडी हलते, त्यामुळे सगळी दुपार गेली.

माझ्या भाच्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप आहे, त्याला माझं बघून हुरूप आला. तिला पुढे कॉइल स्प्रिंग, तिथे स्पेसर, म्हणजे जाड चकती, टाकावा लागतो, आणि चाक स्पेसरच्या जाडीपेक्षा बरंच जास्त सरकतं. फोर बाय फोरमध्ये पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांचा कोनही बिघडतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी फेरफार गाडीत करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. मी त्याला स्पष्ट नको म्हटलं. मी कंपनीनेच दिलेला बोल्ट फिरवून बसलेली गाडी उचलली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी माजिवड्याला अलाइनमेंट केलं. उंची बदलली की चाकांची तोंडं बदलतात, ते टाळलं तर टायर एका कडेने खाल्ले जातात. रात्री १२ गोण्या भरून गाडी सोसायटीच्या भिंतीसमोर १० मीटरवर उभी केली, भिंतीवर खडूची रेघ मारली आणि हेडलाइट खाली घेतल्या.

मानपाड्याच्या त्या रॅम्पवर परवा उतरलो. बायको बाहेर उभी राहून बघत होती, बंपरखाली तिचा पंजा आडवा जात होता. उजवीकडचा ‘खट्ट’ गेलाय. पाचशे किलोमीटरनंतर नळी पुन्हा लावली, उजवी बाजू ४ मिलीमीटर बसलीय. रविवारी बोल्टला पाऊण फेरा.