थर्मोस्टॅट हाउसिंगची गळती: गॅस्केटच्या आधी पाणी बघा

थर्मोस्टॅट हाउसिंग म्हणजे तापमानानुसार उघडणारा थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह ज्यात बसतो ते इंजिनवरचं आवरण. त्याच्या सांध्यावर पांढरी-हिरवट पापडी दिसली की कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) झिरपतोय, हे नक्की. बहुतेक जण नवीन गॅस्केट (सांध्यातलं सील) टाकून मोकळे होतात, आणि काही महिन्यांत पुन्हा तेच.

कोकणात मूळ दुखणं बऱ्याचदा पाण्याचं असतं. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी रेडिएटरमध्ये गेलं की त्यातलं मीठ अ‍ॅल्युमिनियम खातं, फ्लँजवर, म्हणजे हाउसिंगच्या जोडणीच्या सपाट कडेवर, बारीक खड्डे पडतात. मग कितीही भारी गॅस्केट लावा, पाणी वाट काढतंच. म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं टाका, किंवा सरळ तयार मिश्रण. चिरे भरून घाट चढणाऱ्या गाडीला तर यात सूट नाहीच.

काम थंड इंजिनवरच करा. जुना गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. स्क्रू-ड्रायव्हरने पडलेला ओरखडा म्हणजे पुढची गळती. फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का पाहा. खड्डे खोल असतील तर हाउसिंग बदला, सीलंटचे थर चढवू नका. कागदी गॅस्केटला सीलंटचा पातळ हात चालतो, रबरी ओ-रिंगला सीलंट नकोच. थर्मोस्टॅटची हवा बाहेर सोडणारी छोटी पिन वरच्या बाजूला ठेवा.

बोल्ट आलटून-पालटून आवळा. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला. जोर लावला की हाउसिंगचा कान तुटतो. शेवटी कूलंटमध्ये अडकलेली हवा काढा, आणि रेडिएटर कॅपचा रबर कडक झाला असेल तर कॅपही बदला.