तुम्ही विचारलेत म्हणून: त्या चाचण्या मी अजून का वापरते

बेळगावच्या उद्यमबागेतील कारखानदार, एमबीएचे विद्यार्थी आणि माझ्याच व्यवसायातील तरुण प्रशिक्षक गेली काही वर्षे मला एकच प्रश्न विचारत आले आहेत: व्यक्तिमत्त्वाचा प्रकार सांगणाऱ्या चाचण्यांविरुद्ध तुम्ही इतके बोलता, मग ओडीच्या, म्हणजे संस्थाविकासाच्या कामात त्या अजून वापरता कशा? विचारणाऱ्याच्या सुरात बहुधा आरोप असतो आणि आजवर मी प्रत्येक वेळी काहीतरी अर्धवट सांगून वेळ मारून नेली आहे. या वेळी पूर्ण उत्तर देते.

चाचणीवरचे आक्षेप मला कोणी नव्याने सांगण्याची गरज नाही. मायर्स-ब्रिग्ज चाचणी रचणाऱ्या कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इसाबेल मायर्स या दोघींपैकी कोणाचेही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण झालेले नव्हते, आणि मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली मांडलेल्या कल्पना त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्नावलीत बसवल्या. बहुतेक माणसांचे गुण मधल्या पट्ट्यात पडतात, पण चाचणी मधोमध रेघ ओढून त्यांना अलीकडचे आणि पलीकडचे ठरवते. त्यामुळे काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर अनेकांच्या चार अक्षरी निकालातले एखादे अक्षर बदलते. हे सारे मी स्वतः शिकवते. माझी अडचण या आक्षेपांपाशी सुरू होत नाही.

ती सुरू होते बारा वर्षांपूर्वी एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, सभागृहात. मालकांना उत्पादन विभागासाठी नवा प्रमुख नेमायचा होता आणि त्याआधी सगळ्या सुपरवायझरांचा ‘स्वभाव कळावा’ म्हणून त्यांनी मला बोलावले होते. मोल्डिंगचे एक सुपरवायझर खानापूरकडच्या गावातले होते. एकोणीस वर्षांची नोकरी, शिक्षण मराठी माध्यमातले, कन्नड व्यवहारापुरते उत्तम, इंग्रजी मात्र वाचण्यापुरते. प्रश्नावली इंग्रजीत होती. ज्यांना अडेल त्यांना मी उभ्या उभ्या मराठीत प्रश्न समजावून सांगत होते आणि आपण फार आपुलकीने काम करीत आहोत अशी माझी त्या वेळी समजूत होती. एखाद्या शब्दासाठी मी ‘समारंभ’ म्हटले असते की ‘बैठक’, यावर त्या माणसाचे उत्तर फिरू शकले असते, हे तेव्हा माझ्या मनातही आले नाही. त्या काळी मी वर्गात ठामपणे सांगत असे की स्वभावाला भाषा नसते.

निकालात ते स्पष्टपणे अंतर्मुख ठरले आणि माझ्या निरीक्षणाशी ते जुळत होते, कारण दोन दिवसांच्या कार्यशाळेत ते जवळजवळ बोललेच नव्हते. मी मालकांना अहवाल दिला. त्यात एक वाक्य होते: ‘नेतृत्वाच्या पदासाठी संवादकौशल्याचा विकास आवश्यक.’ महिन्याभराने दुसऱ्या एका गृहस्थांची प्रमुख म्हणून नेमणूक झाली.

त्यानंतर पुढच्या कामासाठी मी तिथे गेले असता ते सुपरवायझर स्वतःचा निकालाचा कागद घेऊन माझ्यापाशी आले. आवाज चढलेला नव्हता. ते म्हणाले, “मॅडम, मी बोलत न्हाई असं लिवलंय. कुणाबरोबर बोलत न्हाई, ते कुठं लिवलंय?” मी काहीतरी समजावू लागले, की अंतर्मुख असणे हा दोष नव्हे, त्याचे अनेक फायदे आहेत, वगैरे. ते ऐकून घेत राहिले आणि मग मला शॉपवर घेऊन गेले. तिथे पोअरिंग, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यांत ओतणे, चालू होते. फर्नेसच्या त्या आवाजात हाच माणूस एका वेळी तिघांशी बोलत होता, एकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये, तिसऱ्याशी दोन्ही मिसळून. मध्येच एका पोराच्या मुठीत वाळू देऊन ती दाबायला लावून ओल कशी ओळखायची ते दाखवत होता. सभागृहात बैठका इंग्रजीत चालत आणि इंग्रजी थकले की कन्नडमध्ये. १९५६ च्या नोव्हेंबरात हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तेव्हापासून आमच्या कित्येक घरांत ही सवय मुरली आहे: ज्या खोलीत आपली भाषा दुय्यम, त्या खोलीत मान हलवायची आणि कामाचे तेवढे बोलायचे. मी स्वतः याच घरांतली आहे. माझे वडील कचेरीत असेच गप्प बसत आणि घरी त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. तरीही त्या माणसाचे गप्प बसणे मला स्वभाव वाटले.

इथवर ऐकले की लोक म्हणतात, पाहा, म्हणजे दोष चाचणीचाच. तसे म्हणणे मला सोयीचे आहे, पण ते खरे नाही. ही चाचणी निवडीसाठी किंवा बढतीसाठी वापरू नये, हे तिचे प्रकाशकच सांगतात. ती ऐच्छिक असावी आणि निकाल आधी ज्याचा त्याला मिळावा, हेही प्रशिक्षणात मला शिकवलेले होते. अहवालातले ते वाक्य चाचणीने लिहिले नव्हते, ते माझे होते. मात्र मालकांनी नाव आधीच ठरवून ठेवले होते आणि माझा कागद केवळ आधाराला घेतला, अशीही शक्यता आहे. मी ती अनेकदा स्वतःला सांगितली आहे. दुसरे असे की या भागातल्या घरगुती मालकीच्या कारखान्यांत चाचणी नसती तर निवड भाच्याची किंवा मेहुण्याची झाली असती, हेही खोटे नाही. यातले कोणतेही कारण त्या माणसासमोर उच्चारण्याचे धैर्य मला झाले नाही.

पुढे मी त्यांच्याकडे वेळ मागितला आणि प्रेरणा जोखण्याची जुनी पद्धत वापरून पाहिली. चित्र दाखवायचे, गोष्ट सांगायला लावायची आणि त्या गोष्टीत सिद्धी, सहवास की सत्ता यांपैकी कशाची ओढ दिसते ते पाहायचे; अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६० च्या दशकात आंध्रातील काकीनाड्याच्या व्यावसायिकांचे प्रशिक्षण याच विचारावर उभे केले होते. गोष्ट कोणत्याही भाषेत सांगता येते, हा तिचा मोठा गुण. यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाचे चित्र पाहून त्यांनी दहा मिनिटे गोष्ट सांगितली, आणि ती सगळी एका नवशिक्या पोराचा हात कामावर कसा बसतो याची होती. संस्थाविकासाचे अभ्यासक उदय पारीक यांनी भारतीय संस्थांमध्ये काम करताना या यादीत आणखी एका प्रेरणेची भर घातली होती, इतरांच्या उपयोगी पडण्याची; तिचे इतके स्वच्छ उदाहरण मी तोवर पाहिले नव्हते. मला आनंद झाला, आणि लगेच भीतीही वाटली, कारण हाही कागद मालकांकडे गेला असता तर ‘यांना ट्रेनिंगला टाका’ एवढाच त्याचा अर्थ निघाला असता. आठ महिन्यांनी ते कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फाउंड्रीत निघून गेले. तिथे बैठका मराठीत होतात म्हणून गेले की पगार बरा होता म्हणून, ते मी विचारले नाही.

मग अजून वापरता कशाला? कारण स्वतःबद्दल बोलण्याची रीतच नसलेल्या ठिकाणी ही चाचणी माणसाला बोलायला निमित्त देते. निपाणीकडील एका पतसंस्थेत व्यवस्थापक आणि रोखपाल तीन वर्षे व्हाउचरपलीकडे एकमेकांशी बोलत नव्हते. एकाला दिवसाची कीर्द त्याच संध्याकाळी बंद झालेली हवी असे, दुसरा ती सकाळी ताज्या डोक्याने पुरी करीत असे, आणि दोघेही याला दुसऱ्याचा उद्दामपणा समजत होते. आखीव आणि सैल असे चाचणीतल्या एका अक्षराचे दोन कल मी फळ्यावर काढले तेव्हा रोखपाल म्हणाले, “म्हणजे साहेब मला मुद्दाम छळत नव्हते तर.” ते अक्षर शास्त्राच्या कसोटीला उतरते की नाही, याने त्या दोघांना काही फरक पडला नाही. मला पडतो, आणि तो पडावा असे मला वाटते.

आता मी मालकांना व्यक्तिगत निकाल देत नाही, प्रश्न ज्याच्या त्याच्या भाषेत आधी लिहून काढते, आणि ‘तुम्ही गप्प असता का?’ याला जोडून ‘कोणापुढे?’ हे विचारतेच. एवढ्याने भागते का, मला माहीत नाही. प्रश्न विचारणारी मीच असते आणि समोरचा माणूस मला मालकांनी आणलेली बाई म्हणूनच ओळखतो.

मागच्या आठवड्यात मच्छे येथील एका कारखान्याने चाळीस जणांचे अहवाल मागितले आहेत, फाइलला लावण्यासाठी. मी माझी अट कळवली आहे. काम मोठे आहे, माझ्याकडे दोन मुली पगारावर आहेत, आणि कारखान्याचे उत्तर अजून आलेले नाही.