आमच्या अलिबागचं गणित आणि लिंडिसफार्नचा रस्ता

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आमच्या अलिबागला हे पोरासोरांनाही येतं. म्हणजे चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीन वाजता पूर्ण भरती, त्यात सहा तास आणि वर थोडी मिनिटं मिळवा की ओहोटी. समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जायचं असेल तर बाबा कॅलेंडरकडे एक नजर टाकून सांगायचे, दहाला निघा आणि साडेबाराच्या आत बाहेर या. घोडागाडीवाल्याला विचारायची कधी गरजच पडली नाही.

तर हे एवढं ज्ञान घेऊन मी न्यूकासलला राहते, आणि जूनमधल्या एका शनिवारी ठरवलं की लिंडिसफार्नला सायकलवर जायचं. इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, स्कॉटलंडच्या हद्दीच्या जरा खाली हे बेट आहे, इथले लोक त्याला होली आयलंड म्हणतात. दिवसातून दोनदा समुद्र रस्त्यावर येतो आणि दोनदा जातो, मधल्या वेळात जायचं यायचं. म्हटलं हे तर आपलंच, किल्ल्यासारखंच की! कृष्ण अष्टमी होती, आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती, सव्वाबाराला पूर्ण ओहोटी, त्यातून अष्टमी म्हणजे भांगाची भरती, पाणी तसंही फार चढत नाही, दहा-साडेदहाला रस्ता मोकळा मिळायला हरकत नाही. तिथल्या कौन्सिलचं रस्ता कधी सुरक्षित त्याचं टाइमटेबल असतं नेटवर, ते मी पाहिलं नाही. गणित येतं ना!

पहाटेच्या ट्रेनने बेरिककडे निघाले, ते बेटाजवळचं स्टेशन. सायकल एका कपाटासारख्या जागेत हुकला उभी टांगायची असते, माझी सेकंडहँड आणि चांगलीच जड, एका कॉलेजच्या पोराने हात लावला म्हणून लटकली. मग सीटवर बसून सहज म्हणून टाइमटेबल उघडलं. रस्ता उघडणार पावणेबाराला. दोनदा तारीख तपासली. खिडकीतून अर्धा चंद्र दिसत होता, अष्टमीबद्दल शंकाच नव्हती.

बेरिकपासून बेटापर्यंत साधारण २० किलोमीटर. सायकलचा नॅशनल रूट नंबर एक आहे, तो स्पिटल गावातून निघून समुद्राच्या कडेने खाली येतो, आणि रूट म्हणजे काय तर मध्येच गवतातली पायवाट, मध्येच खडी, मेंढ्यांची फाटकं उघडायची आणि आठवणीने लावायची, एका ठिकाणी तर गाई वाटेत बसलेल्या आणि उठायला अजिबात तयार नाहीत. डावीकडे समुद्र पूर्ण वेळ सोबत. उन्हं छान होती पण वारा असला की जूनमध्येसुद्धा जॅकेटची चेन गळ्यापर्यंत. कितीही रमतगमत गेले तरी सव्वादहाला बीलच्या किनाऱ्यावर, म्हणजे बेटाचा रस्ता जिथून सुरू होतो तिथे, पोचलेच.

आणि रस्ता सरळ पाण्यात गेलेला.

म्हणजे डांबरी रस्ता, मधला पांढरा पट्टा वगैरे सगळं व्यवस्थित, उतरत उतरत पाण्यात शिरतो आणि संपतो. शेजारी मोठा बोर्ड, त्यावर खिडकीपर्यंत पाण्यात बुडालेल्या गाडीचा फोटो आणि खाली ‘हे तुम्ही असू शकता’ अशा अर्थाचं इंग्रजी. दरवर्षी कोणी ना कोणी तरी अडकतंच म्हणे. लांबवर पाण्यात चार पायांवर उभी असलेली एक पांढरी लाकडी खोली दिसते, ती अडकलेल्यांनी चढून बसायसाठी. गाडी गेली तर गेली, तुम्ही वर चढा आणि मदतीची वाट बघा.

दीड तास बसले. पण खरं सांगू का, अख्ख्या ट्रिपमधला तोच दीड तास मला सगळ्यात जास्त आठवतो. पाणी ओसरताना असं एकदम जात नाही. आधी खोलीच्या खांबांवर ओला काळा पट्टा दिसायला लागला. मग उजवीकडे वाळूत रोवलेले उंच खांब बुडापासून उघडे पडत गेले, ती जुनी यात्रेकरूंची वाट, अजूनही लोक अनवाणी चालत जातात त्या खांबांच्या ओळीने. मग मधोमध डांबराची एक काळी रेघ वर आली, तुटक तुटक, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी पाणी ओघळून वाळूत जायला लागलं. मागे गाड्यांची रांग लागलेली. एका लाल गाडीवाल्याने अकरा वीसलाच पुढे घातली, चाकं अर्धी पाण्यात, बाकीचे सगळे खिडकीतून बघत माना हलवतायत. पोचला बिचारा.

पावणेबाराला मी निघाले. हा रस्ता १९५४ सालचा, त्याआधी वाळूतूनच जायचे. किनाऱ्यापासून गावापर्यंत साधारण पाच किलोमीटर, चढ नावाला नाही. रस्त्यावर शेवाळं, शिंपले, खड्ड्यांत खारं पाणी, चाकाखाली करकर आवाज, आणि दोन्हीकडे क्षितिजापर्यंत चकाकणारी ओली वाळू. गाडीतून जाणाऱ्याला हे कळणारच नाही, पण सायकलवर तुम्ही शब्दशः समुद्राच्या तळावरून चाललेले असता, वाससुद्धा तोच, आमच्या किल्ल्याच्या वाटेवर ओहोटीला येतो तो. पाच मिनिटं मी अलिबागला होते, मग मागून बस आली.

बेटावर सायकलला फारसे रस्तेच नाहीत हे आधीच सांगते. लोकवस्ती दोनशेच्या आत, एक गाव, गावातून किल्ल्याकडे जाणारा रस्ता, संपलं. उत्तरेकडे वाळूच्या टेकड्या आहेत, तो निसर्ग राखीव भाग आहे, तिकडे सायकल लावून पायीच जायचं.

इतिहास मात्र ठासून भरलाय. ६३५ साली स्कॉटलंडच्या आयोना बेटावरून एडन नावाचा साधू आला आणि त्याने इथे मठ काढला. पुढे इथेच कथबर्ट नावाचा संत झाला. मग ७९३ मध्ये व्हायकिंग उतरले आणि मठ लुटला, ब्रिटनवरच्या व्हायकिंग हल्ल्यांची गोष्ट सांगताना सुरुवात इथूनच करतात. इथल्या साधूंनी हाताने लिहिलेली, रंगवलेली बायबलमधली शुभवर्तमानं आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. नंतरच्या काळातल्या लाल दगडी मठाचे अवशेष उभे आहेत, त्यात एक कमान अशी आहे की आजूबाजूचं छत कधीच पडलं आणि ती एकटीच हवेत राहिलीय. तिच्याखाली मी सँडविच खाल्लं. खेकड्याचं! बरं होतं, पण घरच्या खेकड्याच्या रश्श्यापुढे… जाऊ दे.

किल्ला सोळाव्या शतकातला, आणि पडलेल्या मठाचेच दगड वापरून बांधलेला. पण आतून बघाल तर घर आहे. १९०१ मध्ये एका मासिकाच्या मालकाने तो घेतला आणि एडविन लट्यन्सकडून सुट्टीतलं घर करून घेतलं. हो, तोच लट्यन्स, दिल्लीचं राष्ट्रपती भवनवाला. खाली किनाऱ्यावर जुन्या मासेमारी होड्या उलट्या करून त्यांच्या खोल्या केल्यात, डांबर फासलेल्या, दाराला कुलूप. मला किल्ल्यापेक्षा त्याच आवडल्या.

आणि एक गंमत. बेटाला लागून अजून एक इवलंसं बेट आहे, कथबर्टचं, तिथेही ओहोटीलाच जाता येतं. भरतीच्या बेटाचं भरतीचं बेट. आपल्या किल्ल्याला सर्जेकोटाचा छोटा किल्ला आहे ना चिकटून, अगदी तसं. तिथे एका क्रॉसपाशी बसले तर समोरच्या वाळूच्या पट्ट्यावरून कोणीतरी रडल्यासारखा, हूऽऽ असा लांब आवाज. दचकलेच. सील होते, शंभर तरी असतील, उन्हात लोळत गात होते.

तिथूनच बाबांना फोन लावला.

‘‘बाबा, तुमचं गणित फेल गेलं.’’

‘‘असं कसं? तिथी काय आज?’’

‘‘अष्टमी. आणि भरती साडेनऊच्या सुमाराला होती.’’

जरा वेळ काहीच नाही. मग, ‘‘अगं वेडे, ते आपल्या किनाऱ्याचं आहे. तुझ्याकडे पाणी कुठून फिरून येतं कोण जाणे.’’

बरोबर आहे की. इथे भरती अटलांटिकमधून स्कॉटलंडला वरून वळसा घालून खाली येते, म्हणून प्रत्येक बंदराची वेळ निराळी. मी म्हटलं आपल्या किल्ल्यातल्या चाकांवरच्या त्या दोन तोफा आठवतात का, त्यावर यॉर्कशायर कोरलंय, ते इथून खालीच आहे. बाबा म्हणाले तोफा राहू दे, तू आधी पाण्याच्या आत बाहेर नीघ.

साडेसहाला निघाले. वारा समोरून, सपाट रस्ता असून गिअर एकदम खालचा, मांड्या भरून आल्या. किनाऱ्याला लागून मागे पाहिलं तर रस्ता अजून कोरडा होता, गाड्या मात्र सगळ्या माझ्याच दिशेने.

घरी येऊन झोपले ती थेट झोपलेच, सायकल न धुता. सकाळी चेन पूर्ण नारिंगी. खाऱ्या पाण्याच्या गावची मुलगी आणि ही अक्कल! टूथब्रश आणि रॉकेलसारखं काहीतरी घेऊन तासभर घासत बसले होते तेवढ्यात बाबांचा मेसेज, ‘‘पाऊणपट कर आणि साडेतीन तास मिळव. पुढच्या तिथ्यांना ताडून बघ.’’ ताडून बघितलं. वीसेक मिनिटं इकडेतिकडे, पण बसतं. ऑक्टोबरमध्ये घड्याळं एक तास मागे गेली की अडीच मिळवायचे.

तरी टाइमटेबल बघूनच जा हं.