खडाखडीतला बुवायसार

जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडावर खडाखडी लांबली की प्रेक्षक चुळबुळू लागतात. दोघे मल्ल एकमेकांच्या मानेवर हात टाकून, मनगटे झटकत, पावले चाचपत गोल फिरत राहतात आणि कडेला बसलेला एखादा शौकीन ‘अरे, पट काढ की!’ म्हणून ओरडतो. त्या ओरडणाऱ्यांत मीही असे. ही खोड मोडली ती बुवायसार साईतिएव या चेचेन मल्लाच्या जुन्या कुस्त्या मोबाइलवर पाहू लागल्यापासून. (नावातच ‘बुवा’ असल्यामुळे तो पहिल्या दिवशीच ओळखीचा वाटला, हे कबूल करायला हरकत नाही.)

पैलवान म्हटल्यावर जो आडवा देह डोळ्यांसमोर येतो, त्याचा इथे मागमूस नाही. उंच, सडपातळ, लांब हातापायांचा हा माणूस मॅटवर जवळजवळ ताठ उभा राही आणि खांदे असे सैल सोडी, की लढतीचे त्याला काही वाटत नसावे अशी शंका यावी. पण समोरच्याचे मनगट एकदा त्याच्या हाती आले की ते सहसा सुटत नसे. किंचित ओढायचे, किंचित ढकलायचे, समोरच्याने तोल सावरण्यासाठी नको त्या पायावर भार घेतला की आपला लांब पाय आतून अडकवायचा. आम्ही जिला वेळकाढूपणा समजत होतो, त्या खडाखडीतच त्याची निम्मी कुस्ती होऊन जात असे.

तो रशियातल्या दागेस्तान प्रांतातल्या खासाव्युर्तचा, जन्म १९७५चा. चेचन्याच्या सीमेलगतच्या या गावातून तो तरुणपणी दूर सायबेरियात, क्रास्नोयार्स्कला, दिमित्री मिंदियाश्विली या वस्तादांकडे गेला. १९९५मध्ये अटलांटात तो जागतिक विजेता झाला आणि पुढच्याच वर्षी त्याच शहरात, एकविसाव्या वर्षी, ऑलिंपिक सुवर्ण जिंकून आला. चेचन्यात रशियाचे सैन्य लढत असताना हा चेचेन मुलगा रशियाच्याच पोशाखात उतरला होता. ते पहिले युद्ध थांबवणारा करार महिनाभरातच, ३१ ऑगस्ट १९९६ला झाला आणि तोही नेमका खासाव्युर्तमध्ये.

१९९७ आणि १९९८ची जागतिक सुवर्णपदकेही त्याचीच. त्यामुळे २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्याचे सुवर्ण जवळजवळ गृहीतच धरले गेले होते. तिथे अमेरिकेच्या ब्रँडन स्ले याने त्याला प्राथमिक गटातच हरवले. स्ले अंतिम फेरीत जर्मनीच्या अलेक्झांडर लाइपोल्डकडून हरला, पण लाइपोल्ड उत्तेजक चाचणीत सापडला आणि सुवर्ण अखेर स्लेकडे आले. त्याच सिडनीत बुवायसारच्या धाकट्या भावाने, आदमने, ८५ किलो गटात सुवर्ण जिंकले. घरात पदक आले आणि ते आपले नव्हते. थोरल्या भावाचे ते दिवस कसे गेले असतील, याचा विचार माझ्या मनात त्याच्या विजयांपेक्षा अधिक वेळा येतो. कुस्ती मात्र त्याने बदलली नाही. तोच सैल खांदा आणि तेच मनगट घेऊन त्याने २००१, २००३ आणि २००५मध्ये पुन्हा जागतिक विजेतेपदे मिळवली आणि २००४मध्ये अथेन्सला ऑलिंपिक सुवर्ण परत आणले.

मार्च २०२५मध्ये, पन्नासाव्या वाढदिवसाला नऊ दिवस उरले असताना, मॉस्कोत त्याचे निधन झाले. ती बातमी वाचली त्या रात्री मी बीजिंग ऑलिंपिकमधली त्याची अंतिम कुस्ती शोधून काढली आणि तारीख पाहून चपापलो. २० ऑगस्ट २००८. त्या दिवशी ६६ किलो गटात सुशील कुमार पहिली कुस्ती हरूनही रेपेचाजमधून, म्हणजे अंतिम फेरी गाठणाऱ्या मल्लाकडून हरलेल्यांना मिळणाऱ्या दुसऱ्या संधीतून, कांस्यपदकापर्यंत पोचला होता. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या कांस्यानंतर ऑलिंपिक कुस्तीत भारताला मिळालेले ते पहिलेच पदक. आमच्या घरात तर कोणी जागेवर बसायला तयार नव्हते. त्या गटाचे सुवर्ण तुर्कस्तानकडून खेळणाऱ्या रमझान शाहीनला मिळाले, आणि तोही खासाव्युर्तचाच, हे आमच्या गावीही नव्हते. बुवायसारच्या ७४ किलो गटाची अंतिम लढतही त्याच दिवशी, त्याच सभागृहात झाली. तेहतीस वर्षांच्या या मल्लाने आपले तिसरे ऑलिंपिक सुवर्ण तिथे जिंकले. आम्ही मात्र तोपर्यंत टीव्ही बंद करून पेढे आणायला गेलो होतो.