नव्वद दिवसांची अट कोणाचे रक्षण करते?

असह्य आणि बऱ्या न होणाऱ्या आजाराने ग्रासलेल्या सज्ञान व्यक्तीला डॉक्टरांच्या मदतीने मृत्यू स्वीकारण्यापासून सरसकट रोखता येणार नाही, असा निकाल कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१५ मध्ये एकमताने दिला आणि जून २०१६ मध्ये तसा कायदा झाला. या कायद्याला माझा मनापासून पाठिंबा आहे. माझी काळजी आहे ती त्यातील संरक्षक तरतुदींविषयी.

संरक्षणासाठी घातलेली अट रुग्णालाच छळू शकते, हे हॅलिफॅक्सच्या ऑड्री पार्कर यांच्या बाबतीत दिसले. त्यांचा स्तनाचा कर्करोग मेंदूपर्यंत पसरला होता. शेवटच्या क्षणीही रुग्णाने शुद्धीत राहून संमती दिली पाहिजे, असा तेव्हा नियम होता. ती क्षमता जाईल या भीतीने त्यांनी नोव्हेंबर २०१८ मध्येच, स्वतःला हवा होता त्यापेक्षा लवकर, मृत्यू पत्करला. मार्च २०२१ च्या दुरुस्तीने मृत्यू जवळ आलेल्या रुग्णांसाठी ही अट शिथिल केली आणि दहा दिवसांची सक्तीची प्रतीक्षाही काढून टाकली. ते योग्यच झाले.

त्याच दुरुस्तीने, क्यूबेक प्रांताच्या न्यायालयाने २०१९ मध्ये दिलेल्या निकालानंतर, ज्यांचा मृत्यू नजीक नाही अशा व्यक्तींनाही हा मार्ग खुला केला. त्यांच्यासाठी अटी अधिक आहेत: सर्वांनाच लागू असलेल्या दोन स्वतंत्र तपासणीकारांच्या अटीबरोबरच संबंधित आजाराच्या जाणकाराचे मत आणि पहिल्या तपासणीपासून किमान नव्वद दिवसांचे अंतर. वेदना कमी करण्याचे उपाय, मानसोपचार, अपंगांसाठीच्या सेवा यांची माहिती अर्जदाराला दिली जावी आणि त्याने त्यांचा गांभीर्याने विचार केलेला असावा, असेही कायदा सांगतो. परंतु त्या सेवा त्याला प्रत्यक्ष मिळाल्याच पाहिजेत, असे तो कुठेही सांगत नाही. वेदना-चिकित्सालयाची प्रतीक्षायादी नव्वद दिवसांहून लांब असेल, किंवा चाकाच्या खुर्चीतून वावरता येईल असे घर परवडण्याजोगे नसेल, तर अर्जदाराने नेमका कशाचा गांभीर्याने विचार करायचा? अर्जदाराची क्षमता, त्याची संमती, त्याच्या निर्णयाचा ठामपणा हे सारे बारकाईने तपासले जाते. शासनाने आपले काम केले की नाही, हे मात्र कोणी तपासत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अपंगहक्क समितीने मार्च २०२५ मध्ये मृत्यू नजीक नसलेल्यांसाठीचा हा दुसरा मार्ग रद्दच करण्याची शिफारस केली. मी तितक्या टोकाला जाणार नाही, कारण वर्षानुवर्षे सर्व उपचार घेऊनही ज्यांचे दुःख हटलेले नाही अशी माणसे खरोखरच आहेत आणि त्यांना फसवले गेलेले अजाण समजणे हा त्यांचा अपमान आहे.

केवळ मानसिक आजार असलेल्यांसाठी हा मार्ग मार्च २०२७ पर्यंत पुढे ढकलताना, आरोग्यव्यवस्था अद्याप सज्ज नाही, असे कारण सरकारने दिले. जुनाट वेदना आणि अपंगत्व यांच्या बाबतीत ती सज्ज आहे का, हा प्रश्न तेवढ्याच गांभीर्याने विचारला जायला हवा होता.

सुचवलेल्या सेवांपैकी कोणती मिळाली, किती काळाने मिळाली आणि कोणती मिळालीच नाही, याची नोंद तपासणीकाराने करावी आणि न मिळालेल्या सेवेसाठी प्रांताला उत्तरदायी धरावे, असे मला वाटते. सेवा मिळेपर्यंत अर्ज अडवून ठेवावा का, याविषयी मात्र मी अजून साशंक आहे. तसे केल्यास शासनाच्या कसुरीची शिक्षा पुन्हा त्या पीडित माणसालाच भोगावी लागेल. न केल्यास ती कसूर त्याच्या मृत्यूत दडून जाईल. म्हणून निदान ही नोंद सक्तीची असावी आणि तिचे आकडे दरवर्षीच्या सरकारी अहवालात प्रांतवार छापले जावेत.